इन्सुलिन आणि तांबड्या पेशीचं पटल : प्रयोग कसा मांडायचा

एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की तांबड्या पेशी हमखास यादीत येतात. रक्त सहज मिळतं, कल्चर हूड लागत नाही आणि पेशीत ना केंद्रक ना मायटोकाँड्रिया, त्यामुळे पटल एकच, बाहेरचं. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेन्डेल यांनी लिपिडचा दुहेरी थर याच पेशींवरून ओळखला तो या सोयीमुळेच. त्याला इन्सुलिन जोडलं की विषय मधुमेहाकडे वळतो आणि गाईडही खूश होतात.

अडचण पुढे येते. धडधाकट माणसाच्या पेशीवर इन्सुलिनचा परिणाम लहान असतो आणि त्याचं सोंग घेणाऱ्या गोष्टी भरपूर असतात: बाटलीतलं प्रिझर्व्हेटिव्ह, उरलेल्या पांढऱ्या पेशी, बफरचा पीएच, ग्लुकोजचा फरक. या लेखातली निम्म्याहून जास्त जागा ही सोंगं उघडी पाडण्यात गेली आहे, आणि बेंचवरचा वेळही तिथेच जाऊ द्यावा असं माझं मत आहे.

इन्सुलिनला इथे काम तरी काय?

व्हायव्हामध्ये पहिला प्रश्न हाच येतो आणि उत्तर बहुतेक वेळा चुकतं. इन्सुलिन तांबड्या पेशीत ग्लुकोज ढकलत नाही. स्नायू आणि चरबीच्या पेशींत इन्सुलिनच्या इशाऱ्याने ग्लुट-४ हा ग्लुकोज आत नेणारा वाहक पटलावर येतो. तांबड्या पेशीत ग्लुट-१ असतो, तो कायम पटलावरच बसलेला असतो आणि इन्सुलिनची वाट पाहत नाही. म्हणून रक्तातली साखर वाढली की पेशीतलीही वाढते.

तरीही या पेशीवर इन्सुलिनचे रिसेप्टर आहेत. १९७८ च्या सुमारास माणसाच्या तांबड्या पेशींवर ते नीट मोजले गेले, पुढे त्यांची टायरोसिन कायनेज क्रियाही (एटीपीतलं फॉस्फेट प्रथिनाला जोडण्याचं काम) दिसली. संख्या चरबीच्या पेशीच्या मानाने फारच कमी. रेटिक्युलोसाइटवर, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशींवर, जास्त असतात आणि पेशी म्हातारी होते तसे घटत जातात. पेशीत जीन्स आणि रायबोसोम नाहीत, त्यामुळे नवीन प्रथिन तयार होण्याचा प्रश्नच नाही. जो बदल दिसेल तो आधीपासून असलेल्या लिपिड आणि प्रथिनांच्या मांडणीत किंवा कामाच्या वेगात असतो.

असे तीन बदल मोजण्यासारखे आहेत. पहिला पटलाची तरलता: १९८० च्या दशकात फ्लुओरेसंट प्रोब वापरून केलेल्या कामात इन्सुलिनने पटलाची सूक्ष्म-श्यानता (दाटपणा) घटलेली दिसली. दुसरा सोडियम-पोटॅशियम पंपाचा वेग. तिसरा पेशीची लवचिकता. तांबड्या पेशीचा व्यास साधारण ८ मायक्रॉन, बारीक केशवाहिनी त्याहून अरुंद आणि प्लीहेतल्या फटी तर मायक्रॉनभराच्या. १२० दिवसांच्या आयुष्यात पेशीला हे सगळं वाकूनच पार करायचं असतं. १९८२ मध्ये मार्सेच्या एका गटाने दाखवलं की इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेहींत घटलेली लवचिकता इन्सुलिनने सुधारते, शरीरात आणि परीक्षानळीतही. त्यातला नळीतला भाग आपल्यासाठी मोलाचा. शरीरात इन्सुलिन दिलं की साखरही उतरते, मग सुधारणा नेमकी कशाने झाली ते सांगता येत नाही.

रक्त कोणाचं आणि कसं

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि दात्याची लेखी संमती हातात आल्याशिवाय सुई लावायची नाही. संमतीपत्र मराठीत ठेवा, मेसमधले मित्र दाते असले तरीही. रक्त प्रशिक्षित माणसानेच काढावं.

रक्त सकाळी उपाशीपोटी घ्या. जेवणानंतर दात्याचं स्वतःचं इन्सुलिन चढलेलं असतं आणि प्लाझ्मा दुधाळ होतो. फ्रॅजिलिटीसाठी (पातळ मिठाच्या पाण्यात पेशी कधी फुटते त्या चाचणीसाठी) हेपारिनची हिरव्या झाकणाची नळी वापरा. ईडीटीए आणि सायट्रेट स्वतःचे क्षार घेऊन येतात. दात्याची नोंद वय-लिंगावर थांबवू नका. हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट काउंट, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी) आणि चालू औषधं लिहा. मेटफॉर्मिन, स्टॅटिन यांचा पटलाशी संबंध येतो. लोहाच्या गोळ्या नुकत्याच सुरू झालेल्या ॲनिमिक दात्यात आठ-दहा दिवसांत रेटिक्युलोसाइट उसळतात आणि त्यांच्याबरोबर रिसेप्टरही. आपल्याकडे मुलींमध्ये ॲनिमिया इतका सर्रास आहे की हे टाळण्यासाठी आधी विचारावंच लागतं. नंदुरबार किंवा गडचिरोलीसकट विदर्भातल्या दात्यांत सिकल सेलची चाचणी आधी करून घ्या, कारण सिकल असलेल्या पेशींचं पटल मुळातच वेगळं वागतं.

रक्तपेढीतली मुदत संपलेली पिशवी फुकट मिळते म्हणून मोह होतो. साठवणीत पेशी एटीपी गमावतात, आकार बदलतात, पटलाचे बुडबुडे सोडतात. सराव करायला ती चालेल, डेटासाठी नको.

पेशी धुणं

रक्त ४ अंशावर साधारण १,००० जी ने १० मिनिटं फिरवा. प्लाझ्मा काढा आणि मग बफी कोट, म्हणजे तांबड्या पेशींवर बसलेला पांढऱ्या पेशींचा थर. इथे कंजूषपणा करू नका: पांढऱ्या थराबरोबर खालच्या तांबड्या पेशींचाही वरचा पापुद्रा जाऊ द्या. पांढऱ्या पेशींवर, विशेषतः मोनोसाइटवर, इन्सुलिन रिसेप्टर मुबलक असतात. त्या उरल्या तर बाइंडिंगच्या आकड्यात त्यांचाही वाटा मिसळतो, तो नुसता आपल्या पेशीचा राहत नाही. जमलं तर अल्फा-सेल्युलोज आणि मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजच्या छोट्या कॉलममधून रक्त गाळून घ्या. कॉलम सिरिंजमध्येही बसतो. शेवटी एक स्मिअर रंगवून डोळ्यांनी खात्री करा.

मग ५ मिलिमोलर ग्लुकोज घातलेल्या फॉस्फेट बफर सलाइनने (पीएच ७.४) तीनदा धुवा. ग्लुकोज विसरू नका, कारण एटीपी नसलेल्या पेशीत कायनेज चालणार कशावर? मधुमेही दाता असेल तर हे आणखी महत्त्वाचं. त्याच्या पेशीत साखर जास्त असते. अशी पेशी एकदम साखर नसलेल्या द्रावात टाकली की आतली साखर बाहेर पडेपर्यंत पाणी आत घुसतं आणि पेशी फुगते. मग नाजूक दिसलेली पेशी खरं तर फक्त फुगलेली असते. म्हणून धुतल्यावर त्याच बफरमध्ये ३७ अंशावर अर्धा तास ठेवून आतबाहेर समतोल होऊ द्या.

इन्सुलिन कुठलं आणि किती

सगळ्यात जास्त प्रयोग इथे बिघडतात. मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या बाटलीत नुसतं इन्सुलिन नसतं. साध्या नितळ ह्यूमन इन्सुलिनमध्ये प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून मेटाक्रेसॉल असतं, मिलिलिटरला साधारण ३ मिलिग्रॅम. शिवाय झिंक आणि ग्लिसरॉल. क्रेसॉल हा फिनॉलचाच भाऊबंद, लिपिडमध्ये विरघळतो आणि पुरेशा प्रमाणात पटल फाडतो. ढगाळ दिसणारं एनपीएच किंवा ३०/७० मिश्रण तर हातातही घेऊ नका. त्यातलं प्रोटामिन धन प्रभाराचं आणि तांबड्या पेशीचा पृष्ठभाग ऋण प्रभाराचा, म्हणून पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. ग्लार्जिन आम्लीय द्रावात असतं, तेही नको.

उत्तम म्हणजे केमिकल कंपनीकडून येणारी शुद्ध ह्यूमन इन्सुलिनची पावडर. ती न्यूट्रल बफरमध्ये नीट विरघळत नाही, कारण तिचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट ५.३ च्या आसपास आहे. आधी ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा, मग बफरमध्ये पातळ करा. कंट्रोल नळीत तेवढंच आम्ल, तितक्याच पायऱ्यांनी पातळ केलेलं.

पावडर परवडली नाही तर ४० युनिटच्या साध्या इन्सुलिनवरही काम होतं, फक्त आकडेमोड स्वच्छ हवी. १ मायक्रोयुनिट प्रति मिली. म्हणजे ६ पिकोमोलर. म्हणजे ४० युनिटची बाटली २४० मायक्रोमोलर. उपाशीपोटी रक्तात साधारण २ ते २० मायक्रोयुनिट असतात, जेवणानंतर ५० ते १०० पर्यंत चढतात. आपल्याला १०० हवेत असं धरू:

१. १० मायक्रोलिटर इन्सुलिन ९९० मायक्रोलिटर बफरमध्ये. झाले ४०० मिलियुनिट प्रति मिली.
२. त्यातले १० मायक्रोलिटर पुन्हा ९९० मध्ये. झाले ४ मिलियुनिट.
३. त्यातले १०० मायक्रोलिटर ९०० मध्ये. झाले ४०० मायक्रोयुनिट.
४. याचा एक भाग पेशींच्या सस्पेन्शनच्या तीन भागांत. नळीत १०० मायक्रोयुनिट, म्हणजे ०.६ नॅनोमोलर.

एवढं पातळ झाल्यावर क्रेसॉल उरतं मिलिलिटरला ७.५ नॅनोग्रॅम, म्हणजे नगण्य. आता परिणाम दिसत नाही म्हणून कोणी डोस १ मायक्रोमोलरवर नेला, तर बाटली फक्त २४० पट पातळ होते आणि क्रेसॉल १२.५ मायक्रोग्रॅमवर जातं. मग जे दिसतं ते हार्मोनचं की जंतुनाशकाचं? मोठा डोस द्यायचाच असेल तर तेवढं मेटाक्रेसॉल घातलेली कंट्रोल नळी लावावीच लागेल.

एक डोस देऊन थांबू नका. ०, १०, ५०, १००, ५०० मायक्रोयुनिट असे पाच तरी घ्या. रिसेप्टरमार्फत होणारा परिणाम काही नॅनोमोलरच्या आतच चढून सपाट होतो. डोसबरोबर सरळ रेषेत वाढत जाणारा परिणाम दिसला तर मी आधी बाटलीवर संशय घेईन.

आणखी एक खोडी: इतकं पातळ इन्सुलिन काचेला आणि प्लॅस्टिकला चिकटतं. बफरमध्ये ०.१ टक्का बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन घाला, अर्थात कंट्रोलमध्येही. काचेजवळ तांबड्या पेशी काटेरी होण्याची सवयही अल्ब्युमिनने आवरते. पातळ द्राव त्याच दिवशी करा, फिल्टरमधून गाळू नका, निम्मं फिल्टरवरच राहील.

उबवण

इन्सुलिन घातल्यावर हिमॅटोक्रिट (सस्पेन्शनमधला पेशींचा वाटा) २० टक्के, ३७ अंश, शेकर बाथमध्ये हळू हलवत ३० ते ६० मिनिटं. सगळ्या नळ्या एकाच बाथमध्ये, एकाच वेळी. नळीत थोडी जरी पेशी फुटली तर गंमत होते: तांबड्या पेशीच्या आत इन्सुलिन तोडणारं एन्झाइम असतं. रोगनिदान लॅबमध्ये फुटलेल्या नमुन्यात इन्सुलिन खोटं कमी येतं ते याच कारणाने. सुपरनेटंट (पेशी खाली बसल्यावर वर उरणारा द्राव) गुलाबी दिसला तर ती नळी बाद, डेटा कितीही सुंदर येत असला तरी.

ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी

सेंट्रिफ्यूज आणि कलरिमीटर असलेल्या कुठल्याही कॉलेजात ही चाचणी होते, म्हणून सुरुवात इथून करा.

फॉस्फेटने बफर केलेलं सलाइन, पीएच ७.४. मिठाच्या टक्केवारीची ढोबळ मालिका नको. निरोगी पेशी साधारण ०.५० ते ०.४५ टक्क्यांदरम्यान फुटायला लागतात आणि ०.३० च्या आसपास सगळ्या फुटतात, तेव्हा ०.३६ ते ०.५० पर्यंत ०.०२ च्या पायऱ्या घ्या. जोडीला ०.३०, ०.६०, ०.९० आणि एक डिस्टिल्ड वॉटर. झाल्या १२ नळ्या. प्रत्येकीत ५ मिली. द्राव.

उबवलेल्या पेशी हलक्या स्पिनने खाली बसवून पुन्हा ४० टक्के हिमॅटोक्रिटवर आणा आणि प्रत्येक नळीत ५० मायक्रोलिटर टाका. हा खटाटोप कशासाठी? २० टक्क्यांचं सस्पेन्शन तसंच १०० मायक्रोलिटर टाकलं तर त्यातल्या बफरमुळे ०.४० ची नळी जवळपास ०.४१ ची होते, आणि आपण शोधतोय तो फरक कदाचित तेवढाच असेल. पिपेटचं टोक बाहेरून पुसून घ्या. त्यावर लोंबणारा एक थेंब सगळं बिघडवतो.

नळ्या हळूच उलट्यासुलट्या करा, खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं ठेवा, पुन्हा मिसळा, १,२०० जी ने ५ मिनिटं फिरवा. सुपरनेटंट ५४० नॅनोमीटरला वाचा, ब्लँक ०.९० ची नळी. डिस्टिल्ड वॉटरच्या नळीचं रीडिंग १ च्या वर जाईल. साध्या कलरिमीटरवर तिथे रेषा सरळ राहत नाही, म्हणून सगळेच सुपरनेटंट सारखेच दुप्पट पातळ करून वाचा. तिला १०० टक्के धरून बाकीच्या नळ्यांची टक्केवारी काढा आणि वक्रावरून ५० टक्के पेशी कुठे फुटतात तो बिंदू वाचा. ताज्या निरोगी रक्तात, २० अंशाला, तो ०.४०० ते ०.४४५ टक्क्यांमध्ये येतो. त्याबाहेर आला तर इन्सुलिनचा विचार बाजूला ठेवून बफर तपासा.

पीएच ०.१ ने हलला तर हा बिंदू ०.०१ टक्क्याने सरकतो. तापमान ५ अंशांनी बदललं तरी तेवढाच. मे महिन्यात नागपूरच्या लॅबमध्ये सकाळी कंट्रोल आणि दुपारी इन्सुलिनच्या नळ्या लावल्या तर उन्हाचा परिणाम मोजून होईल. दोन्ही मालिका शेजारीशेजारी, एका स्टँडवर.

या चाचणीची मर्यादाही लक्षात घ्या. पेशी कधी फुटेल हे मुख्यतः पृष्ठभाग आणि आकारमान यांच्या प्रमाणावर ठरतं, पटल किती तरल आहे यावर कमी. इन्सुलिनने पंपाचा वेग वाढून पेशीतलं पाणी किंचित घटलं तर फ्रॅजिलिटी बदलेल. लिपिड नुसतं सैल झालं तर बदलेलच असं नाही.

घोस्ट तयार करणं

तरलता मोजायची तर हिमोग्लोबिन घालवावं लागतं, कारण ते प्रोबचा प्रकाश गिळतं. उरलेल्या रिकाम्या पटलाला घोस्ट म्हणतात. डॉज, मिचेल आणि हॅनाहन यांची १९६३ ची पद्धत अजून चालते, थोड्या फरकाने. धुतलेल्या पेशींचा एक भाग ३० भाग बर्फगार ५ मिलिमोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ८.०) ओता, १० मिनिटं बर्फावर, मग २०,००० जी ने २० मिनिटं, ४ अंशावर. पेलेट पांढरं होईपर्यंत पुन्हा पुन्हा. तीन-चार धुण्यांत होतं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी अख्ख्या पेशीला इन्सुलिन द्या, घोस्ट नंतर करा. रिसेप्टरला इशारा आत पोचवायला एटीपी लागतं आणि घोस्टमध्ये ते उरलेलं नसतं.

पहिल्या स्पिननंतर नळी तिरकी धरून उजेडात पाहा. वर सैल, हलणारं, लालसर पेलेट आणि त्याखाली तळाला चिकटलेलं घट्ट, फिकट बटण. ते बटण पांढऱ्या पेशींचं आणि त्यांच्या प्रोटिएजचं, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचं. नळी फिरवत वरचं पेलेट हळूच सरकवून दुसऱ्या नळीत घ्या आणि बटण तिथेच सोडा. हे टाळलं तर पटलाला आतून आधार देणाऱ्या स्पेक्ट्रिन या प्रथिनाचे तुकडे पडतात, जेलवर खालच्या बाजूला नको त्या पट्ट्या येतात आणि दोष इन्सुलिनवर जातो. बफरमध्ये प्रोटिएज रोखणारं पीएमएसएफ घाला, पण आयत्या वेळी, कारण पाण्यात ते फार टिकत नाही.

तरलता आणि पंप

प्रोब डीपीएच, म्हणजे पटलाच्या लिपिडमध्ये शिरून चमकणारं रसायन. टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये १ मिलिमोलर स्टॉक, अंधारात. घोस्टमध्ये शेवटी १ ते २ मायक्रोमोलर, ३७ अंशावर अंधारात अर्धा-पाऊण तास. एक्सायटेशन ३६०, एमिशन ४३० नॅनोमीटर, पोलरायझर लावून. पोलरायझेशन कमी म्हणजे तरलता जास्त. सगळ्या नळ्यांत पटलाचं प्रथिन सारखं असू द्या आणि प्रोब नसलेल्या घोस्टचं रीडिंग वजा करा. क्युव्हेट होल्डरचं तापमान बांधलेलं नसेल तर हा प्रयोग करूच नका. लिपिड दोन-तीन अंशांतही बदलतं. डीपीएच थराच्या आतल्या भागाची खबर देतो, पृष्ठभागाची नाही, हे थिसिसमध्ये लिहा.

सोडियम-पोटॅशियम पंपासाठी एटीपी देऊन सुटलेलं फॉस्फेट मोजायचं, एक नळी पंप बंद पाडणारं उबेन घालून आणि एक न घालता. फरक म्हणजे पंप. फॉस्फेट मोजायचं असल्याने घोस्ट शेवटी ट्रिस बफरमध्ये धुऊन घ्यावे लागतात, नाहीतर ब्लँकच आकाशाला भिडतो. मोजणी फिस्के-सुब्बाराव पद्धतीने, १९२५ ची, आणि त्यातले सुब्बाराव म्हणजे आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. माणसाच्या तांबड्या पेशीत हा पंप मंदच चालतो, म्हणून उबवण तासभर ठेवा आणि प्रत्येक नळी तिपेडी लावा.

आकडे

एका दात्याच्या तीन नळ्या म्हणजे तीन नमुने नव्हेत. त्यांची सरासरी म्हणजे एक नमुना. तुलना जोडीने करा, त्याच दात्याची इन्सुलिनसह आणि इन्सुलिनशिवाय, पेअर्ड टी-टेस्ट लावून. दात्या-दात्यांमधला फरक इन्सुलिनच्या परिणामापेक्षा मोठा असतो, त्यामुळे निरोगी आणि मधुमेही यांची सरळ सरासरी ताडून पाहिली तर काहीच हाती लागत नाही. नळ्यांना सांकेतिक क्रमांक देऊन रीडिंग दुसऱ्याला घ्यायला सांगा. निरोगी दात्यांत फरक आला नाही तर तसंच छापा, डोस आणि हिमॅटोक्रिटसकट. या निष्कर्षातून कुणा रुग्णाच्या इन्सुलिनच्या डोसबद्दल मात्र एक वाक्यही काढू नका.

आवरताना

प्रत्येक नमुना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असल्यासारखाच हाताळा. रक्ताचे द्राव १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये किमान अर्धा तास, मग सिंकमध्ये. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिक टिप आणि नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. रोटरमध्ये रक्त सांडलं तर तिथे हायपोक्लोराइट ओतू नका, ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि रोटर उलटा करून वाळवा.